मागच्या रांगेतली माणसं

हमीद न्हाव्याने गळ्यावरून शेवटचा वस्तरा फिरवला, फडक्याने फेस टिपला आणि आरसा जरासा तिरका केला. तेव्हा झहूरला आरशात आपला उजवा हात वर गेलेला दिसला. हात खांद्याच्या थोडा वर, तळवा बाहेर, बोटं सैल, आणि त्याबरोबर मानही एका बाजूला किंचित झुकलेली. दुकानाच्या उघड्या दारातून कुवेतमधल्या फिंतासची गल्ली दिसत होती. समोर मातीची भिंत, भिंतीला टेकवलेली एक चाक नसलेली सायकल, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात जमिनीलगत सरकणारी बारीक वाळू. गल्लीत कोणी नव्हतं. हात कधी वर गेला ते झहूरला कळलंच नव्हतं. तो हात आपला आहे, अंगरख्याची ती बाही आपली आहे, हे त्याला आरशात बघून ठरवावं लागलं.

"कुनाला सलाम घातलाव, वकीलसाब?" हमीदने दाराकडे वळून पाहत विचारलं.

"माशी होती," झहूर म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"माशीला येवढ्या अदबीनं? मग आमी रोज इथं उभे असताव, आमाला कधी नाय केलाव!" हमीद हसला. पण हसता हसता त्याने पुन्हा एकदा गल्लीत डोकावून पाहिलं, आणि मग विषय बदलावा तसा म्हणाला, "आज जुम्म्याच्या नमाजानंतर कमालभाईच्या खोलीवर बसायचंय. इसरू नका. आज तुमाला हो म्हनायचंय."

आज हो किंवा नाही म्हणायचं होतं. झहूर गेला आठवडाभर या शुक्रवारकडे पाहत होता, तसं पाहत नसल्याचं स्वतःला भासवत. मुलुखात जिल्हा परिषद नावाचं काहीतरी नवीन निघत होतं, तिची पहिली निवडणूक या वर्षी व्हायची होती. खाडीकाठच्या कांदळे गावातली अर्धीअधिक कर्ती माणसं कुवेतला. त्यांच्या जमातीची इथेही बैठक भरायची, आणि इथे ठरलेलं तिकडे गावात चालायचं. जमातीला आपला माणूस उभा करायचा होता, आणि जमातीत वकील एकच होता. त्याने माणगावच्या कोर्टात काही वर्षं काळा कोट घालून काढली होती. पण साक्षीदाराच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, मोठ्याने बोललं की आपलाच आवाज परका वाटतो, असा हा वकील. शेवटी कोट पेटीत घालून तो इकडे आला, आणि मीना अल-अहमदीच्या बंदरावर एका ठेकेदाराच्या कचेरीत जखमी कामगारांच्या जबान्या इंग्रजीत लिहून देऊ लागला. जबानी लिहिताना खाली मान घालता येते. बाकी वेळ त्याच्या पुस्तकांचा. रस्त्यात ओळखीचं कोणी समोरून येताना दिसलं तर तो पलीकडच्या बाजूला जायचा. मनात अढी नव्हती. सलाम केल्यानंतर पुढे काय बोलायचं ते सुचत नसे. मयतीलाही तो जायचा तो सगळ्यांच्या मागे. जनाजा खांद्यांवरून पुढे सरकतो, प्रत्येकजण घाईने येऊन खांदा देतो नि बाजूला होतो. झहूर दर वेळी इतका मागे राहायचा की त्याची पाळी यायच्या आधी कबरस्तान यायचं. असा माणूस मतं मागणार! पण कमाल त्याचा चुलतभाऊ. फिंतासला त्याचं रेशनचं दुकान होतं आणि नाही हा शब्द त्याच्या दुकानात मिळत नसे. "तुमाला काय करायचंय हो, झहूरभाई?" तो म्हणाला होता. "लग्नात जेवायचं, मयतीला खांदा द्यायचा. बोलायला आमी हाव." हो म्हणायची जमातीची रीतही ठरलेली होती. तोंडाने हो म्हणून चालत नसे. ज्याला काम पत्करायचं त्याने उठून खोलीतल्या प्रत्येकाशी मुसाफा करायचा, दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही हात धरायचे, आणि त्याचं घरचं नाव घ्यायचं. एकही माणूस सोडायचा नाही. सोडलेला माणूस उद्या उठून म्हणू शकतो की मी यात नव्हतो.

हमीदच्या दुकानातून बाहेर पडताना झहूरने हात खिशात घातला. तो हात कोणाचा होता ते त्याला आता नीट कळलं होतं. तळवा असा बाहेर धरायची, मान अशी झुकवायची लकब मगलायाची होती, आणि मगलाया तर उन्हाळा संपताना जहाजावर चढून निघून गेला होता.

क्रिसांतो मगलाया जवळच्याच मीना अब्दुल्लाला अमेरिकन ठेकेदाराकडे कामगारांची हजेरी मांडणारा टाइमकीपर होता. बुटका, जाड मानेचा, पन्नाशी उलटलेला फिलिपिनो. कामगार त्याला गव्हर्नर म्हणायचे. पोट पुढे काढून चालतो आणि सगळ्यांची विचारपूस करतो म्हणून थट्टेने ठेवलेलं नाव असेल, असं झहूरला वाटलं होतं. मग एका दुपारी, जबान्या घ्यायला झहूर तिकडे गेला असताना, पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली चहा पिता पिता मगलाया म्हणाला, "थट्टा नाही ती. मी खरोखर गव्हर्नर होतो. एका आख्ख्या प्रांताचा. त्याआधी तुझ्यासारखाच वकील होतो." झहूरने मान खाली घातली. खोटं बोलणाऱ्याकडे बघायची त्याला लाज वाटे. पण मगलाया खोटं बोलत नव्हता. नारळ वाळवणाऱ्याचा तो मुलगा. मनिलाला एका हॉटेलात बशा विसळून कायदा शिकला, परत आपल्या बेटावर येऊन कोळ्यांचे खटले चालवू लागला. फी म्हणून कधी कोंबडा, कधी टोपलीभर मासळी. लढाई आली, जपानी आले. तो डोंगरात गेला, परत आला तेव्हा डोंगरातून जिवंत परतला एवढ्यावरच लोकांनी त्याला निवडून दिलं. आधी प्रांताच्या मंडळावर, मग गव्हर्नर. "निवडणूक कशी जिंकतात ठाऊक आहे?" त्याने विचारलं होतं. "भाषणांनी नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाला काही दिवस घरातच ठेवतात. शेजारी येतात, पत्ते खेळतात, खातात, जागतात. मी प्रत्येक मेलेल्याच्या घरी जायचो. शवपेटीशी उभा राहायचो आणि घरच्यांना विचारायचो, याला तुम्ही काय म्हणून हाक मारायचा? शाळेतलं नाव नको, हाकेचं नाव. मग त्या नावाने त्याचा निरोप घ्यायचो. लोक रडायचे. ते घर कायमचं माझं व्हायचं." आणि मग आपला रुंद, उबदार हात पुढे करून त्याने झहूरचा हात धरला होता. "दुसरं एक. हात मिळवलास की आपण आधी सोडायचा नाही. समोरचा सोडेल तेव्हा सुटायचा. हा एकच नियम. बाकी सगळं राजकारण खोटं." झहूरला तो हात नकोसा झाला होता. पण नियम खरा होता. त्याने ओढला तेव्हाच तो सुटला.

मशिदीकडे जाताना वारा वाढला. आभाळ पिवळसर झालं, सूर्य पितळी नाण्यासारखा निस्तेज दिसू लागला, माणसांच्या सावल्या पडेनाशा झाल्या. भर दुपारी सावली नसलेली माणसं हातपाय धुवायला वजूच्या पाण्याशी बसलेली बघताना झहूरला मगलायाचं पुढचं बोलणं आठवलं. ते त्याने इतके दिवस वेडाच्या खात्यात टाकून ठेवलं होतं. दुसऱ्या निवडणुकीच्या सभांमध्ये मगलायाला मागच्या रांगेत काही चेहरे दिसू लागले. ओळखीचे. आधी त्याला वाटलं, कोणाचे तरी भाऊ असतील. एका घरची माणसं सारखीच दिसतात. "पण त्यांचे कपडे नवे असायचे," मगलाया म्हणाला होता. "घडीच्या रेघासुद्धा तशाच. पुरताना घालतात ते. बाकी लोक टाळ्या वाजवायचे, हे नाहीत." मग काय करायचे, असं झहूरने न राहवून विचारलं होतं. "वाट बघायचे. त्यांचा मी निरोप घेतला होता, त्यांच्या हाकेच्या नावाने. जाताना शेवटचं नाव ज्याच्या तोंडून ऐकलं त्याला माणूस विसरत नाही. ते ओळख दाखवायला यायचे. म्हणून मी मागच्या रांगेला हात करायचो." आणि त्याने तो हात करून दाखवला होता, तळवा बाहेर, मान तिरकी. लोकांना वाटायचं गव्हर्नर शेवटच्या गरिबालासुद्धा विसरत नाही. मागे तर कोणी नसायचं. तो निवडून आला. विरोधकांनी खटला भरला की याला मेलेल्यांनी मतं दिली. आणि कोर्टात मगलायाने स्वतःची बाजू स्वतः मांडून तो आरोप खोटा ठरवला. "मी जिंकलो," तो म्हणाला होता, "आणि निकालाच्या वेळी मागच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. जिथे माझ्या ओळखीचं कोणी मेलेलं नाही असा मुलूख शोधत इथवर आलो."

नमाज झाला. डाव्या खांद्याकडे सलाम फेरताना झहूरला वाटलं, मागच्या ओळीत आपल्याकडे कोणीतरी पाहतंय. त्याने मान वळवली नाही. बाहेर चपला शोधताना हमीद शेजारी येऊन चालू लागला, आणि झहूरच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हमीदभाई, तो रफीक… खलाशांच्या आळीतला. त्याला घरी काय हाक मारायचे?"

हमीद थांबला. वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने रुमाल तोंडाला धरला होता, तो खाली केला. "आज का आठवलं तुमाला?"

 रफीक त्यांच्याच गावचा, मीना अब्दुल्लाला खलाशी. लोखंडाचे मोठाले तुकडे दोरखंडांनी वर चढवायचं काम. कानाशी केस पिकलेले, आवाज खणखणीत. भर उन्हात टाकीच्या शिडीवरून पडला आणि तिथेच गेला. त्या वेळी जे जवळ होते त्यांच्या जबान्या झहूरनेच लिहिल्या होत्या. मेलेल्याची जबानी नसते म्हणून रफीकचं त्यात नावाखेरीज काही नव्हतं. दफनाला जमात लोटली, झहूर नेहमीसारखा मागे. आणि तिथे, त्याच्याही मागे, कबरस्तानाच्या कडेला टोपी हातात धरून मगलाया उभा होता. "घरी त्याला काय म्हणायचे?" त्याने हळूच विचारलं होतं. झहूरला ते माहीत नव्हतं. एकाच गावच्या, एकाच मशिदीतल्या माणसाचं हाकेचं नाव त्याला माहीत नव्हतं, आणि हा परका माणूस ते विचारत होता. "रफीक," झहूर म्हणाला होता. मगलायाने नकारार्थी मान हलवली, जणू चुकीची चावी हातात दिली. लोक माती लोटून परत फिरले तेव्हा त्याने कबरस्तानाच्या रिकाम्या टोकाकडे पाहून हात वर केला. तळवा बाहेर, मान तिरकी.

"चांदू," हमीद म्हणाला. "चांदरातीला झालेला, म्हनून चांदू. येवढा बाप्या झाला तरी त्याची बायको झुलेखा त्याला सगळ्यांदेखत चांदूच म्हनायची, नि हा लाजायचा." चालता चालता तो पुढे बोलला, "मयतीची आंघोळ मीच घातली ना. पानी गार होतं त्या दिवशी, गरम करायला कोनाला सुचलं नाय. मी म्हटलं, चांदू, वाईच सोस. खरं सांगताव वकीलसाब, मला वाटलं त्याचे हात तेवढे गरम हायत अजून. लोखंड धरलेले हात. मी कुनाला बोललो नाय."

दोघे कमालच्या खोलीकडे वळले. झहूरच्या डोक्यात मगलायाचा निरोपाचा दिवस होता. धक्क्याला तेलाचं टँकर-जहाज उभं, उन्हाने डोळे दिपलेले, आणि मगलाया हातात एक लहानशी पेटी घेऊन. "मी परत जातो," तो म्हणाला होता. "उभा राहीन पुन्हा. इथेही मला एक ओळखीचा झालाच. रोज दुपारी पाण्याच्या टाकीशी उभा असतो. मी त्याला हात करतो, तो बघतो, पण सलाम घेत नाही. मला त्याचं हाकेचं नाव ठाऊक नाही, त्याची भाषा येत नाही. तो दुसऱ्या कोणाची तरी वाट बघतोय." मग झहूरचा हात धरून, आणि नियमाप्रमाणे न सोडता, "तो तुझा माणूस आहे, वकील. तुझ्या गावचा. एकदा नावाने हाक मार. पण नीट विचार करून मार. एकाला मारलीस की सगळे येतात. मग तुला एकांत मिळायचा नाही." त्या दिवशीही झहूरनेच हात ओढून घेतला होता. त्यानंतर भर दुपारी मीना अब्दुल्लाला जायचं त्याने टाळलं. जबान्या सकाळी घेऊ लागला. कोणी कारण विचारलं तर ऊन सोसत नाही म्हणायचा. रफीक मात्र उन्हातच उभा असेल, हे त्याला खोलीवर पुस्तक वाचताना मधेच आठवायचं, आणि वाचलेलं पान परत वाचावं लागायचं.

खोली माणसांनी भरली होती. सतरंज्या, मधे खजुराची ताटली, घामाचा आणि अत्तराचा वास. दारावर कमालने वाळू येऊ नये म्हणून पांढऱ्या मांजरपाटाचं न शिवलेलं कापड टांगलं होतं; ते वाऱ्याने आत फुगायचं, आणि वारा पडला की कुणीतरी अंगाला घट्ट लपेटून घ्यावं तसं चौकटीला चिकटायचं. त्याच्या पायाशी चपलांचा ढीग. झहूर बसला ती जागा नेमकी दाराच्या समोर होती. कमाल बोलत होता, मोठ्याने, हात नाचवत. धक्का बांधायला हवा, होडीतून उतरताना बायाबापड्या कमरेएवढ्या चिखलात रुततात. आपला माणूस तिथे नसेल तर कोण बांधणार? यूसुफचाचा, जमातीतले सगळ्यांत म्हातारे, माळ ओढत म्हणाले, "वकील बोलत नाय ता बरंच हाय. बोलनारे लय बघितले." लोक हसले. कोणी म्हणालं, "भाषन आलं की बाजूला पुस्तक धरून उभे राहतील!" पुन्हा हसू. झहूरही हसला, तोंडापुरता. त्याचं लक्ष चौकटीच्या कापडाकडे होतं. कापड आत फुगलं होतं, आणि बाहेर वारा पडलेला होता. खजुरावरची माशीसुद्धा हलत नव्हती.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हणायला उठावंसुद्धा लागत नाही. बसल्या जागी मान हलवली की झालं. कमाल चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग रेशन पाठवील. पुस्तकं राहतील, खोली राहील, मान खाली घालून जबान्या लिहिता येतील. रस्त्याची पलीकडची बाजू राहील. झहूरने ते सगळं मनात नीट मांडून पाहिलं, आणि त्या मांडणीत एका जागी सारखं ऊन पडत होतं. तिथे पाण्याच्या टाकीशी कानाशी केस पिकलेला एक माणूस उभा होता. त्याचं नाव आता झहूरला माहीत होतं. कालपर्यंत माहीत नव्हतं, तेव्हा टाळता येत होतं.

"बोला, झहूरभाई," कमाल म्हणाला. "कबूल असेल तर उठा."

झहूर उठला. खोलीत एकदम गलका झाला, कोणीतरी मांडीवर थाप मारली. तो यूसुफचाचांपासून सुरू झाला. खाली बसून त्यांचे सुरकुतलेले हात दोन्ही हातांत घेतले. "यूसुफचाचा, बंदरावरचे," तो म्हणाला.  चाचांनी हात सोडेपर्यंत त्याने सोडला नाही. पुढे कमाल, पुढे हमीद. हमीदच्या हाताला अजून साबणाचा वास होता. एकेक करत तो भिंतीच्या कडेने सरकत राहिला. जो तो थट्टेने हात जोरात दाबत होता, आणि झहूर प्रत्येकाच्या हाताची ऊब मोजून पाहावी तशी थांबत होता. आयुष्यात एवढ्या माणसांना त्याने एका दिवसात स्पर्श केला नव्हता. आश्चर्य हे की त्याला भीती वाटत नव्हती; भीती पुढे होती, दाराशी.

शेवटचा माणूस झाला. कमालने टाळी वाजवली, "झालं! आणा रे चहा." पण झहूर थांबला नव्हता. तो चपलांच्या ढिगाशी गेला. पांढरं कापड त्याच्या छातीएवढ्या उंचीवर आत फुगलेलं, स्थिर. त्याने कापड बाजूला केलं नाही. त्याच्यासमोर दोन्ही हात पुढे केले.

"चांदू," तो म्हणाला. "खलाशांच्या आळीतला. झुलेखाचा चांदू."

गलका थांबला. "अहो, तिथं कोन नाय," कमालचा आवाज आला, हसावं की रागवावं ते न ठरलेला. "झहूरभाई, इकडं या."

"गप ऱ्हा, कमालभाई," हमीद म्हणाला. तो उभा राहिला होता. यूसुफचाचांची माळ हातात थांबली.

आधी तळव्यांना ऊन लागल्यासारखं झालं. मग लोखंडाची धग, दुपारभर तापलेल्या शिडीची. आणि त्या धगीत दोन खडबडीत, दोरांनी कातरलेले हात. झहूरने डोळे मिटले नाहीत. हात सुटतील म्हणून तो वाट पाहत राहिला. मागे कोणीतरी चहाचा पेला खाली ठेवला. कापडाच्या पलीकडे, गल्लीतल्या पिवळ्या उजेडात, चपला वाजाव्यात तसे आवाज येत होते. एकाचे नव्हे, बऱ्याच जणांचे, हळूहळू, रांग लावत असल्यासारखे. आपण आधी सोडायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि समोरचा सोडत नव्हता.